‘दोन आठवड्यांत माणूस आणून देतो’ म्हणणाऱ्या सल्लागाराने कंपनीला आणि उमेदवाराला कसं लुबाडलं

कॅनडात ऑन्टारिओमध्ये आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. एक अनुभवी बॅकएंड इंजिनिअर बाहेरून आणायचा होता, म्हणून ग्लोबल टॅलेंट स्ट्रीममधून, म्हणजे बाहेरची कुशल माणसं लवकर आणण्याच्या सरकारी योजनेतून, अर्ज करायचं ठरलं. त्या कामासाठी धरलेल्या इमिग्रेशन सल्लागाराने आमच्याकडून पैसे घेतलेच, पण आमच्या नावावर आम्ही निवडलेल्या मुलाकडूनही उकळले. इथे छोट्या कंपन्या चालवणारे बरेच मराठी लोक याच वाटेने जातात, म्हणून सविस्तर लिहितोय.

योजना खरी आहे आणि चांगलीही आहे. 2017 च्या जूनपासून सुरू आहे. आधी कंपनीने एलएमआयए मिळवायचा, म्हणजे बाहेरचा माणूस घेतल्याने इथल्या रोजगाराला धक्का लागत नाही असा सरकारी दाखला. या स्ट्रीममध्ये तो अर्ज कामाच्या 10 दिवसांत निकाली काढण्याचं उद्दिष्ट असतं. मग उमेदवाराने वर्क परमिटसाठी अर्ज करायचा, त्याला साधारण दोन आठवडे. हे टप्पे एकामागून एक येतात आणि हमी कशाचीच नसते. आमचा सल्लागार मात्र ‘दोन आठवड्यांत माणूस खुर्चीवर’ असं बोलायचा. वर, लवकर व्हावं म्हणून पोर्टलवर तुमच्याच लॉगिनमधून भरू, म्हणाला. प्रतिनिधी म्हणून त्याचं नाव कुठेच लागलं नाही. सरकारदरबारी हा माणूस अस्तित्वातच नव्हता.

त्याची आणखी एक अट होती. पैशांबद्दल उमेदवाराशी तुम्ही बोलू नका, गोंधळ होतो, ते मी बघतो. ऐकायला सोयीचं वाटतं.

प्रकरण फुटलं ते एका साध्या व्हिडिओ कॉलवर. आम्ही कामाबद्दल बोलत होतो आणि शेवटी तो मुलगा चाचरत म्हणाला, “सर, उरलेली प्रायॉरिटी फी पगारातून कापून घेतली तर चालेल का? एकदम भरणं जड जातंय.”

“कसली फी?”

त्याने पावती स्क्रीनवर धरली. वर आमच्या कंपनीचा लोगो, खाली ‘सरकारी प्राधान्य शुल्क’ म्हणून 4,000 डॉलर, त्यातले निम्मे जमा. असलं कुठलंही शुल्क नाही. एलएमआयएची फी जागेमागे 1,000 डॉलर, ती कंपनीने भरायची आणि कामगाराकडून वसूल करायची नाही. उमेदवाराने भरायचे ते वर्क परमिटचे 155 आणि बायोमेट्रिक्सचे 85 डॉलर. शिवाय या नोकरीमुळे पीआरला, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याला, 50 गुण मिळतील असंही त्याला विकलं होतं. एक्सप्रेस एंट्री या पीआरच्या गुणपद्धतीतले नोकरीच्या ऑफरचे गुण 25 मार्च 2025 लाच बंद झालेत.

मग सल्लागाराच्या कार्डावरचा परवाना क्रमांक ‘कॉलेज’च्या, म्हणजे इमिग्रेशन सल्लागारांना परवाने देणाऱ्या संस्थेच्या, सार्वजनिक नोंदवहीत टाकून पाहिला. क्रमांक खरा निघाला, पण भलत्याच एका बाईंचा. त्या बिचाऱ्यांना याचा पत्ताही नसणार.

सगळ्यात घाम फुटला तो पोर्टलवरचा अर्ज वाचताना. या स्ट्रीममध्ये कंपनीला ‘लेबर मार्केट बेनिफिट्स प्लॅन’ द्यावा लागतो. इथल्या लोकांच्या प्रशिक्षणासाठी वगैरे काय करणार ते लिहायचं, आणि ते पाळलं का याचा आढावा नंतर सरकार घेतं. या पठ्ठ्याने आमच्या वतीने दरवर्षी इतक्या विद्यार्थ्यांना सशुल्क इंटर्नशिप देण्याचं कबूल केलं होतं, की कंपनीत तेवढी टेबलंही नाहीत.

आणि यात कंपनी नामानिराळी राहत नाही. 2022 च्या सप्टेंबरपासून नियम असा, की भरती करून देणाऱ्या मध्यस्थानेही कामगाराकडून असे पैसे घेऊ नयेत, याची जबाबदारी कंपनीची. नियमभंगाला एकेका प्रकरणी 1 लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, परदेशी कामगार घेण्यावर बंदी येऊ शकते, नाव सरकारी यादीत जाहीर होतं. उमेदवाराच्या अर्जात खोटं सापडलं तर त्याला पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. सल्लागाराचं काय, तो फोन नंबर बदलतो.

आम्ही पासवर्ड बदलले, अर्ज मागे घेतला, एलएमआयएचे अर्ज तपासणाऱ्या सर्व्हिस कॅनडा या सरकारी खात्याला आपणहून कळवलं आणि फसवणुकीची तक्रार दिली. मुलाचे पैसे कंपनीने दिले. आमची 1,000 ची फी गेली, सल्लागाराला दिलेले तर गेलेच.

नवा अर्ज परवानाधारक वकिलामार्फत भरलाय, प्रतिनिधी म्हणून त्यांचं नाव लावून. ऑफर लेटरसोबत उमेदवाराला आता एक वेगळं पान जातं: तुम्ही कुणाला किती भरायचे, कंपनी काय भरणार, आणि याशिवाय कुणी मागितले तर थेट मला फोन करा. वर्क परमिट अजून यायचंय.