पेनेई सेवेल की रशॉन स्लेटर?

२०२१ च्या एनएफएल ड्राफ्टमधले (अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये संघांनी कॉलेजचे खेळाडू निवडण्याची फेरी) हे दोन टॅकल, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना अडवून आपल्या चेंडूवाल्याला वाचवणारे गडी. सातव्या क्रमांकावर डेट्रॉइट लायन्सने सेवेलला उचललं, तेराव्यावर चार्जर्स या संघाने स्लेटरला. पायांची चपळाई आणि हातांचं टायमिंग बघाल तर स्लेटर सरस. कॉलेजात तो चेस यंग या नावाजलेल्या बचावपटूलाही पुरून उरला होता. पहिल्याच वर्षी प्रो बोल या लीगच्या निवडक खेळाडूंच्या संघातसुद्धा! तरी माझं मत सेवेललाच. दीडशे किलोचा हा गडी धावत्या चालीत पुढे सुटतो आणि लाइनबॅकरला (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या गड्याला) अक्षरशः झोपवतो. डिसेंबर २०२२ मध्ये व्हायकिंग्जविरुद्ध शेवटच्या मिनिटांत पठ्ठ्याने चक्क पास झेलून फर्स्ट डाउन, म्हणजे चेंडू पुढे न्यायच्या नव्या चार संधी, मिळवलं. स्लेटरचं कौशल्य वादातीत, पण २०२२ मध्ये दंडाचा स्नायू फाटला, २०२५ मध्ये गुडघा गेला.