थकवा परत आला: डोस वाढवायचा, गोळीची वेळ बदलायची की आधी रक्त तपासायचं?

वर्षभर सगळं सुरळीत असतं. सकाळी अनशापोटी एक गोळी घेतली की थायरॉइडची आठवणही येत नाही. मग अचानक जिना चढताना पाय जड होतात, भर दुपारी डोळे मिटायला लागतात आणि पहिला विचार येतो तो हाच: ५० मायक्रोग्रॅमची गोळी पुरत नाही बहुतेक, ७५ करून बघू.

ही वाट सगळ्यात सोपी वाटते. मला ती सगळ्यात वाईट वाटते, आणि त्याचं कारण केवळ ‘डॉक्टरांना न विचारता काही करू नये’ एवढंच नाही. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे कमी पडणाऱ्या थायरॉइडसाठीची हीच रोजची गोळी, हे संथ औषध आहे. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ७ दिवस लागतात, आणि डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक; थायरॉइड कमी पडलं की हे वाढतं) स्थिरावायला ६ ते ८ आठवडे. म्हणजे आज गोळी वाढवली आणि परवा तरतरी आली, तर ते श्रेय गोळीचं नव्हे. वर नुकसान असं, की मधेच रक्त दिलं तर रिपोर्ट ना जुन्या डोसचा, ना नव्याचा. डोस जास्त झाला तर छातीत धडधड, हाताला कंप, उडालेली झोप. तसंच बरेच महिने राहिलं तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका, विशेषतः उतारवयात. गंमत म्हणजे जास्त डोसनेही माणूस थकतोच. मग आणखी वाढवणार का?

आधी तपासणी करायची तर चार-आठ दिवस जातात, पण हाती काहीतरी ठोस लागतं. टीएसएच आणि फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड संप्रेरक) दोन्ही करावेत. टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४. पण कागदावरच्या मर्यादेपेक्षा स्वतःचा जुना रिपोर्ट शेजारी ठेवून बघा. आधी १.५ असायचं आणि आता ७ आलं, तर खरंच काहीतरी बिघडलंय. १.५ चं २.२ झालं असेल, तर थकव्याचं खापर थायरॉइडवर फोडण्यात अर्थ नाही. रक्त शक्यतो दरवेळी सकाळी त्याच सुमारास द्यावं, आणि त्या दिवसाची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी. केसांसाठी, नखांसाठी बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) घेत असाल तर निदान दोन दिवस आधी बंद करा. ते शरीरात काही बिघडवत नाही, पण काही तपासण्यांमध्ये टीएसएच खोटंच कमी दाखवतं, आणि भलताच डोस कमी केला जातो.

टीएसएच वाढलेलं निघालं तरी लगेच डोसवर उडी नको. गोळी पोटात जाते, पण रक्तात पोहोचते का? मी हे स्वतः अनुभवलंय. कॅल्शियम सुरू झालं तेव्हा विसरायला नको म्हणून ती बाटली थायरॉइडच्या गोळ्यांशेजारीच ठेवली आणि दोन्ही एकाच घोटात घेऊ लागले. दोनेक महिन्यांनी मरगळ, आणि टीएसएच वर. डोस तोच ठेवून कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर नेलं, पुढच्या रिपोर्टला आकडा खाली आला. कॅल्शियम, लोह आणि काही अँटासिड यांच्यात नि थायरॉइडच्या गोळीत ४ तासांचं अंतर हवं. कॉफीही अर्धा-पाऊण तास थांबू शकते. गोळ्या उष्ण, दमट जागी ठेवल्या असतील किंवा गोळीची कंपनी बदलली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्याजोगं.

सकाळ की रात्र? सकाळी न्याहारीआधी ३० ते ६० मिनिटं थांबणं ज्यांना जमतं, त्यांनी वेळ बदलू नये. ज्यांची सकाळ धावपळीची, त्यांना रात्री झोपताना, जेवणानंतर किमान ३ तासांनी घेणं तितकंच चालतं. पण आज सकाळी, उद्या रात्री असा खेळ नको.

टीएसएच ठीक आणि थकवा तसाच? मग हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, साखर बघा. थायरॉइडचा आजार हाशिमोटो प्रकारचा (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते तो) असेल तर बी-१२ कडे खास लक्ष द्यावं, कारण हे जीवनसत्त्व शोषू न देणारा आजारही अशाच लोकांत जास्त आढळतो. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या औषधानेही बी-१२ कमी होतं. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हे तर हमखास राहून जातं. नेहमीच्या गोळीला टी-३ या दुसऱ्या थायरॉइड संप्रेरकाची जोड देणं हा शेवटचा विषय; ते औषध झपाट्याने चढतं नि उतरतं, सरसकट कुणाला देत नाहीत.

दोन प्रसंगी मात्र चार-आठ दिवसही थांबू नका. गरोदरपणाची शंका असेल, तर डोस बहुधा लवकरच वाढवावा लागतो, त्याच दिवशी फोन करा. आणि थकव्यासोबत वजन उतरतंय, उभं राहिलं की चक्कर येतेय, खारट खावंसं वाटतंय, कातडी काळवंडतेय, तर मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीची तपासणी आधी. ती ग्रंथी कमजोर असताना थायरॉइडचा डोस वाढवला, तर माणूस अत्यवस्थ होऊ शकतो.