इंटरनेट रेडिओ संच उत्तम, पण रॉक वाहिन्यांवर नवे गाणे कुठे आहे?

गेल्या दिवाळीत नाशिकच्या एम. जी. रोडवरील एका दुकानातून मी इंटरनेटवर चालणारा रेडिओ संच साडेनऊ हजार रुपयांना घेतला. लाकडी पेटी, समोर आवाजाचे एक गोल बटण, त्याशेजारी तीन बोटे रुंदीचा पडदा आणि वर आवडत्या वाहिन्या साठवून ठेवण्यासाठी दहा कळा, एवढाच त्याचा थाट आहे. घरच्या वाय-फायला जोडला की जगभरातल्या हजारो वाहिन्या त्यावर लागतात. सहा महिने रोज ऐकल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. संचाविषयी सांगण्यासारखे आहेच, परंतु ज्या वाहिन्यांसाठी मी तो घेतला त्यांच्याविषयी त्याहून जास्त सांगायचे आहे.

आधी संचाविषयी. आवाज भरदार आहे आणि मुख्य म्हणजे कमी आवाजातही बास गिटार आणि ड्रम वेगवेगळे ऐकू येतात, जे मोबाइलच्या स्पीकरवर कधीच साधत नाही. वीज जाऊन परत आली की अर्ध्या मिनिटात तो आपणहून पूर्वीची वाहिनी पकडतो. मागे तार ओढून एफएमही लागते आणि गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात आकाशवाणीचे नाशिक केंद्र स्वच्छ ऐकू येते. उणिवा दोन आहेत. त्यात बॅटरी नाही, म्हणजे गच्चीवर न्यायचा तर वायरही न्यावी लागते. आणि देवनागरी अक्षरे त्याला वाचता येत नसल्यामुळे मराठी वाहिन्यांची नावे पडद्यावर रिकाम्या चौकोनांच्या रांगेसारखी दिसतात. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या वस्तूत ही उणीव राहायला नको होती. दुकानातल्या मुलाने मात्र घाई न करता पहिल्या तीन वाहिन्या लावून दाखवल्या, त्याबद्दल त्याचे कौतुक करायला हवे.

मला हा संच हवा होता तो रॉक संगीतासाठी. आमच्या पिढीने हे संगीत कॅसेटवर ऐकले, तेही एकाची कॅसेट दहा जणांत फिरवून. नाशिकच्या खासगी एफएमवर हिंदी चित्रपटगीते आणि काही प्रमाणात मराठी गाणी असतात; इंग्रजी रॉकला तिथे जागा नाही, आणि इथला श्रोता पाहता तशी अपेक्षाही नाही. त्यामुळे जिथे हे संगीत जन्मले आणि वाढले तिथल्या वाहिन्या थेट ऐकाव्यात, ही अनेक वर्षांची इच्छा होती. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असताना तिकडे सकाळचे सात वाजलेले असतात आणि लोक गाडीत बसून कामाला निघालेले असतात. रेडिओच्या धंद्यात ही सर्वांत मोलाची वेळ मानली जाते. बाल्कनीत चहा घेता घेता मी ती वेळ रोज ऐकू लागलो.

पहिले दोन आठवडे आनंदात गेले. गाणे सुरू झाले की त्याचे आणि बँडचे नाव पडद्यावर उजवीकडून डावीकडे सरकत जाते, आणि मी ते वाचण्यासाठी चष्मा जवळच ठेवत असे. महिनाभरात चष्म्याची गरज उरली नाही, कारण पहिल्या दोन सुरांतच गाणे ओळखू येई. एक ब्रिटिश आणि दोन अमेरिकी अशा तीन वाहिन्या मी आलटून पालटून ऐकल्या. बँड तेच, गाणी तीच, आणि जवळजवळ सगळी १९६५ ते १९९५ या तीस वर्षांतली. यातले अनेक बँड आजही गातात, वाजवतात, नवे सिंगल आणि नवे अल्बम काढतात. रोलिंग स्टोन्सने २०२३ साली ‘हॅकनी डायमंड्स’ काढला. स्वतःच्या नव्या रचनांचा त्यांचा हा १८ वर्षांनंतरचा पहिला अल्बम होता आणि ब्रिटनच्या अल्बम यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. माझ्या या तीन वाहिन्यांवर स्टोन्स दिवसातून एकदा तरी लागतात. या सहा महिन्यांत त्या अल्बममधले एकही गाणे माझ्या कानांवर पडले नाही.

नवी गाणी वाईट असतात म्हणून वाजत नाहीत, असे सरधोपट उत्तर यावर दिले जाते. ते मला पटत नाही. काही नवी गाणी सामान्य असतात हे खरे आहे, पण जुन्यांतलीही अनेक सामान्यच होती, आणि ती आजही रोज वाजतात. या वाहिन्या गाणी कशी निवडतात हे पाहिले की कारण सापडते.

अमेरिकेतल्या वाहिन्या ठरावीक साच्यात चालतात. ‘क्लासिक रॉक’ हा साचा १९८० च्या दशकात रुजला आणि त्याचा पायाच जुनी गाणी वाजवण्याचा आहे. नवे रॉक वाजवणाऱ्या वाहिन्या वेगळ्या आहेत, पण त्यांना तरुण श्रोता हवा असतो. आणि लोकप्रिय गाण्यांच्या मोठ्या वाहिन्यांवर आता पॉप, हिप-हॉप आणि कंट्रीचे राज्य आहे. साठी-सत्तरी गाठलेल्या बँडचे नवे गाणे या तिन्ही दारांशी जाऊन उभे राहते. पहिल्या दारात ते फार नवे ठरते, दुसऱ्या दारात त्याचे गायक फार जुने ठरतात आणि तिसऱ्या दारात गिटारच नको असते.

त्यातल्या त्यात दुसरे दार कधीकधी उघडते, हेही सांगायला हवे. एसी/डीसीचे २०२० मधले ‘शॉट इन द डार्क’ आणि मेटॅलिकाचे २०२२ मधले ‘लक्स इटर्ना’ ही जुन्या बँडची दोन्ही गाणी बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या मेनस्ट्रीम रॉक यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. परंतु ही यादी त्या एका साच्यातल्या वाहिन्यांपुरती मर्यादित आहे. तिथे पहिले आलेले गाणे त्या वर्तुळाबाहेरच्या श्रोत्याच्या कानांवर पडेलच असे नाही, आणि नावाच्या जोरावर झटकन वर चढलेले गाणे पुढे नित्याच्या यादीत टिकेल याचीही खात्री नसते. रेडिओवाल्यांच्या भाषेत ‘करंट’ म्हणजे आजचे गाणे, ‘रिकरंट’ म्हणजे नुकतेच मागे पडलेले आणि ‘गोल्ड’ म्हणजे कायमचे. जुन्या बँडचे नवे गाणे पहिल्या पायरीवर पोहोचले तरी तिसऱ्या पायरीपर्यंत क्वचितच जाते, कारण तिथे त्याच बँडची जुनी गाणी आधीच ठाण मांडून बसलेली असतात. श्रोत्याच्या मनात नव्या गाण्याची तुलना दुसऱ्या कुणाशी होतच नाही. तीस-चाळीस वर्षे ऐकून अंगवळणी पडलेल्या त्यांच्याच गाण्याशी ती होते, आणि त्या गाण्याला आपले कॉलेज, पहिली नोकरी, पहिला प्रवास असे सगळे चिकटलेले असते.

ही तुलना वाहिन्या पद्धतशीरपणे करतात. श्रोत्यांना सभागृहात बसवून किंवा घरी फोन करून गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवले जातात आणि प्रत्येकाला गुण द्यायला सांगितले जाते. ओळखीच्या गाण्याचा तुकडा कानांवर पडताच उरलेले गाणे मनात आपोआप वाजते; अनोळखी गाण्याच्या मागे काहीच नसते. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली तर केवळ त्या ओळखीमुळे ती आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. म्हणजे या चाचणीत पसंतीच्या नावाखाली बव्हंशी ओळख मोजली जाते. ज्या गाण्याची ओळख व्हायची आहे ते गाणे यात मागे पडणारच.

त्यात भर पडली ती मोजणीच्या यंत्राची. पूर्वी अमेरिकेत श्रोते आपण काय ऐकले ते डायरीत लिहून कळवत, त्यामुळे आवडत्या वाहिनीचे नाव आठवणीने लिहिले जाई आणि मध्येच दोन मिनिटे वाहिनी बदललेली कुणाच्या लक्षात राहत नसे. २००७ पासून मोठ्या शहरांत खिशात बाळगायचे छोटे मापक आले, जे प्रसारणात मिसळलेला, कानांना न जाणवणारा संकेत टिपते. श्रोता नेमक्या कोणत्या क्षणी निघून गेला हे आता वाहिनीची गाणी ठरवणाऱ्या प्रोग्रॅम डायरेक्टरला दिसते, आणि अनोळखी गाणे लावल्यावर चार माणसे गेलेली दिसली की ते गाणे दुसऱ्यांदा लावण्याचे धैर्य कुणाला होत नाही. शिवाय १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात जास्तीत जास्त चाळीस वाहिन्या बाळगाव्यात ही मर्यादा उठवली, आणि काही वर्षांतच क्लिअर चॅनलसारख्या कंपनीकडे १,२०० हून अधिक वाहिन्या जमा झाल्या. एका शहरातला एखादा निवेदक हट्टाने गाणे लावून धरतो, तिथून ते पसरत जाते, ही वाट त्यामुळे अरुंद झाली.

त्या हट्टाचे मोल किती, याचे उदाहरण रॉकच्या इतिहासातच आहे. १९७५ साली क्वीन या ब्रिटिश बँडचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सहा मिनिटांच्या घरात जाणारे गाणे होते आणि एवढे लांब गाणे रेडिओवर चालणार नाही असे सांगितले जात होते. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर निवेदक केनी एव्हरेट यांनी ते शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत चौदा वेळा वाजवले. पुढे ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. आज ‘गोल्ड’ म्हणून मिरवणारे हे गाणे त्या शनिवारी कुणाच्याच ओळखीचे नव्हते.

ब्रिटनमध्ये या प्रश्नावर कोर्टबाजीही झाली आहे. १९९६ मध्ये बीबीसीच्या रेडिओ १ ने तरुण श्रोत्यांवर लक्ष केंद्रित केलेले असताना स्टेटस को या बँडचे नवे सिंगल आपल्या यादीत घेतले नाही. बँड कोर्टात गेला आणि हरला. त्याच वर्षी बीटल्सच्या नावाने आलेले ‘रिअल लव्ह’ही त्या वाहिनीने यादीबाहेर ठेवले, तरी विक्रीच्या जोरावर ते चौथ्या क्रमांकावर पोहोचले. विक्री आणि रेडिओ यांची फारकत तेव्हापासून स्पष्ट दिसते. जुन्या बँडचा चाहता अल्बम पहिल्याच आठवड्यात विकत घेतो, मैफलीचे महागडे तिकीटही काढतो; पण रोज रेडिओवर तेच गाणे मागत बसत नाही. कंपनीही रेडिओसाठीचा प्रचाराचा पैसा ज्याची कारकीर्द पुढे वाढायची आहे अशा तरुण गायकावर लावते. व्यापार म्हणून हे समजण्यासारखे आहे.

आपल्याकडे हा अनुभव अगदीच परका नाही. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात एखाद्या मान्यवर गायकाची मैफल असली की मध्यंतरानंतर चिठ्ठ्या येऊ लागतात, आणि त्या सगळ्या वीस-तीस वर्षांपूर्वीच्या गाण्यांच्या असतात. गायकाने “आता एक नवी रचना ऐकवतो” म्हटले की सभागृहात खुर्च्यांची करकर वाढते. मीही अशा चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. तरीही मैफलीत गायक तिथे उभा असतो, तो आग्रहाने नवी रचना गाऊ शकतो आणि श्रोत्याला ती पूर्ण ऐकावी लागते. रेडिओवर तो आग्रह धरणारे माणूसच आता उरलेले नाही, आणि मला खरे दुःख त्याचे आहे. जुनी गाणी मलाही हवी आहेत. पण ज्या माध्यमाने ही ओळख घडवली, तेच आता केवळ आधीच्या ओळखीवर जगते आहे, आणि जिवंत माणसांना त्यांच्या तरुणपणाच्या छायाचित्रात कोंडून ठेवते आहे.

हा संच ज्यांना रॉकसाठी घ्यायचा आहे त्यांनी म्हणूनच यादीत ‘क्लासिक रॉक’ शोधून थांबू नये. श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या आणि निवेदकांना गाणी निवडण्याची मोकळीक देणाऱ्या वाहिन्या यावर लागतात. सिएटलची केईएक्सपी ही त्यांतली नावाजलेली. अशाच एका वाहिनीवर मी द क्युअर या जुन्या ब्रिटिश बँडचे ‘अलोन’ ऐकले. सोळा वर्षांनंतर आलेल्या त्यांच्या अल्बममधले, २०२४ चे हे गाणे जवळजवळ सात मिनिटांचे आहे आणि त्यात गायकाचा आवाज तीन मिनिटे उलटून गेल्यावर येतो. काही सेकंदांच्या चाचणीत हे गाणे काय टिकले असते? निवेदकाने ते मध्ये न तोडता पूर्ण लावले. ढोलासारखे संथ ठोके आणि त्यावर पसरत जाणारे सूर ऐकताना मी पडद्यावरचे नाव दोनदा वाचले, आणि चष्मा पुन्हा संचाजवळ ठेवायला सुरुवात केली.

संच घ्यायचा असेल तर दुकानात आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून आपल्या आवडीच्या दोन वाहिन्या तिथेच लावून पाहाव्यात, कारण काही परदेशी वाहिन्या भारतात बंद असतात आणि ते घरी आल्यावर कळते. क्लासिक रॉकच्या तीन वाहिन्या मी आठ, नऊ आणि दहा या कळांवर हलवल्या आहेत. चौथ्या कळेवर सिएटल आहे. हिवाळ्यात तिथे सकाळचे सात वाजतात तेव्हा नाशिकमध्ये रात्रीचे साडेआठ झालेले असतात, आणि जेवणाची ताटे मांडली जात असताना तो रेडिओ चालू असतो.