मुळेच्या अलीकडे घर घ्यावं की पलीकडे?

माझ्या मावसभावाला दोन फ्लॅट पसंत पडलेत. एक औंधात, दुसरा नव्या सांगवीत. मध्ये मुळा. पूल ओलांडला की महापालिका बदलते: अलीकडे पुणे, पलीकडे पिंपरी-चिंचवड. मी कोथरूडला नऊ वर्षं काढली आणि गेली सहा वर्षं पिंपळे सौदागरला आहे, म्हणून त्याने मला विचारलं. कार्पेट एरिया आणि पार्किंग यावर त्याचा महिनाभर काथ्याकूट चाललाय. कचरा कोण उचलतं, पाणी कधी येतं, बस कुठे मिळते, हे मात्र त्याने एकदाही विचारलं नव्हतं. घर घेतल्यावर रोज गाठ यांच्याशीच पडते.

सुरुवात कचऱ्यापासून करते, कारण खरा फरक तिथे आहे.

पुण्यात बहुतेक भागांत दारात येतात ते ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे कचरावेचक. ही संस्था कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची आहे. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ निघाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. महिन्याचे पैसे घरटी थेट कचरा नेणाऱ्यांना द्यायचे. शिवाय सुका कचरा निवडून भंगारात विकला की ते पैसेही त्यांचेच. गोम इथे आहे. तुम्ही ओलं-सुकं एकत्र केलंत तर नुकसान कचरा नेणाऱ्या बाईचं होतं, त्यामुळे ती तुम्हाला सोडत नाही. कोथरूडला आमच्याकडे येणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात दुधाची पिशवी माझ्यापुढे धरली. “ताई, ही धुऊन, वाळवून देत जा. चिकट पिशवी भंगारवाला घेत नाही.” त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर नळाच्या मागे दुधाच्या पिशव्या वाळत असायच्या. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची सवयही त्यांनीच लावली. हाताने कचरा निवडणाऱ्या माणसाला उघडा पॅड हाताळावा लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

पिंपरी-चिंचवडची पद्धत वेगळी. इथे ठेकेदाराची घंटागाडी येते. मोठ्या सोसायटीत तुमचा डबा सफाई कामगार नेतो, गेटवरच्या ड्रममध्ये ओततो आणि गाडी ते ड्रम उचलते. गाडीला ओल्या-सुक्याचे कप्पे असतात. सोय म्हणाल तर हीच जास्त. सुट्टीच्या दिवशी आठला उठलात तरी बिघडत नाही, दारावर कोणी बेल मारत नाही. पण दुधाची पिशवी धुतली का, हे विचारणारंही कोणी नाही. मी अजून धुते, शेजारी हसतात.

पुढे हा कचरा जातो कुठे, तेही बघा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला. तिथल्या गावकऱ्यांनी किती वेळा गाड्या अडवल्या, हे जुन्या पुणेकरांना सांगायला नको. पिंपरी-चिंचवडचा डेपो मोशीला. तिथे कचऱ्यापासून वीज करायचा १४ मेगावॉटचा प्रकल्प ऑगस्ट २०२३ पासून आहे. म्हणून मोशी, चऱ्होली या बाजूचा स्वस्त फ्लॅट बघत असाल तर एकदा संध्याकाळी, वारा असताना जा. ब्रोकर नेहमी सकाळी अकराला नेतो.

आता बस. इथे तुलनेला फारसा वाव नाही, कारण दोन्ही शहरांची बस एकच. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी यांचं २००७ मध्ये लग्न लागलं आणि पीएमपीएमएल झाली. जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर कमीत कमी तिकीट १० रुपये, दोन्ही हद्दींत चालणारा दिवसाचा पास ७० रुपये आणि महिन्याचा १५०० रुपये. नवरा-बायको दोघंही रोज बसने जाणार असतील तर घराच्या हप्त्याशेजारी हे ३००० लिहून ठेवा.

बस एक असली तरी ती धावते ते रस्ते सारखे नाहीत. बीआरटीचा, म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेल्या मार्गिकेचा, पहिला प्रयोग पुण्याने केला, २००६ मध्ये, कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर. पुढे उत्साह गेला आणि नगर रस्त्यावरची बीआरटी तर उखडूनच टाकली. पिंपरी-चिंचवडने उशिरा सुरू केली, पण टिकवली. सांगवी-किवळे मार्ग २०१५ पासून, निगडी-दापोडी २०१८ पासून. मी जगताप डेअरीच्या थांब्यावरून चढते. रस्त्याच्या मधोमध उभारलेला थांबा, बसच्या पायरीला समांतर फलाट. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसमध्ये चढताना हा फलाट म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंना विचारा. तिथवर पोचायला मात्र अर्धा रस्ता ओलांडावा लागतो आणि तेव्हा दुचाकीवाले कुठून येतील याचा नेम नाही. चालण्यापुरतं बोलायचं तर औंध सरस. स्मार्ट सिटीच्या कामात परिहार चौकाच्या बाजूला जे रुंद फुटपाथ झाले, तसे अख्ख्या शहरात झाले असते तर मी नदी ओलांडलीच नसती.

मेट्रोने पारडं पलीकडे झुकवलंय, निदान माझ्या भावापुरतं. त्याचं ऑफिस स्वारगेटला, बायकोचं चिंचवडला. पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून निघणारा मार्ग सप्टेंबर २०२४ पासून थेट स्वारगेटला उतरवतो. नव्या सांगवीहून दापोडी स्टेशन रिक्षाने जवळ. बायकोने उलट दिशेची मेट्रो धरली तर पिंपरीपर्यंत जाईल आणि चिंचवडसाठी दापोडीहून लोणावळ्याची लोकलही आहे. औंधातून दोघांनाही आधी बस किंवा रिक्षाने मेट्रो गाठावी लागेल. कोथरूडकरांचं वेगळं. त्यांना वनाझ-रामवाडी मार्ग घराखालून मिळाला. शनिवार-रविवारी मेट्रोच्या भाड्यात ३० टक्के सवलत असते, मंडईत भाजी आणायला आम्ही ती वापरतो.

‘पुढे इथे मेट्रो येणार आहे’ हे वाक्य ऐकून किंमत वाढवून देऊ नका. निगडी असो की बाणेर रस्त्यावरून हिंजवडी, ज्या गाडीत तुम्ही स्वतः बसला नाहीत ती हिशेबात धरू नका.

पाण्यात मात्र नवी सांगवी मागे पडते. पिंपरी-चिंचवडला पवनेचं पाणी मिळतं आणि नोव्हेंबर २०१९ पासून ते दिवसाआड येतं. सोसायटीची जमिनीखालची टाकी मोठी असेल तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. टाकी लहान असेल तर एप्रिलमध्ये टँकर, आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये. पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं आहेत. जुन्या पेठा, कोथरूड, औंध इथे रोज पाणी येतं. दुरुस्तीसाठी एखाद्या गुरुवारी बंद ठेवतात, त्याची नोटीस आधी पेपरात येते. पण पुणे महापालिकेत घर म्हणजे रोज पाणी, असं समजू नका. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. तिथे कित्येक ठिकाणी महापालिकेची पाटी नळाच्या आधी पोचली.

कराचा मुद्दा थोडक्यात. पुण्यात स्वतः राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, पण ती आपोआप लागेलच असं नाही. पीटी-३ फॉर्म भरला का, हे जुन्या मालकाला विचारा. गांडूळखत, सौर ऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक प्रकल्प असेल तर ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के वेगळे, मात्र प्रकल्प चालू हवा. खताच्या खड्ड्यावर कुंड्या मांडलेल्या दिसल्या तर समजून जा.

मी भावाला सांगितलं, रोजचा प्रवास बघता नवी सांगवी घे. नोकऱ्या वाकड-बाणेरकडच्या असत्या किंवा घरी कायम म्हातारं माणूस असतं, तर रोजच्या पाण्यासाठी आणि फुटपाथसाठी औंध म्हटलं असतं. घरातून काम करणारे असाल तर मेट्रोचा विचार सोडा, पाणी आणि कचरा बघा. भावाला शेवटी एवढंच म्हटलं, टोकन द्यायच्या आधी सकाळी सातला एकटाच त्या बिल्डिंगखाली जा. ब्रोकर नको. वॉचमनला चहा पाज आणि दोनच गोष्टी विचार: गेल्या मे महिन्यात टँकर किती आले, आणि पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की नदी कुठवर येते.

तो गेला होता परवा. वॉचमनने पार्किंगच्या खांबावर हात टेकवून खूण दाखवली, गुडघ्याच्या जरा वर. आता तो तिथेच तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघतोय आणि गाडी कुठे लावायची यावर पुन्हा काथ्याकूट चाललाय.