परवाना एक, स्वच्छता तीन प्रकारची

टॅटू, पिअर्सिंग आणि सौंदर्यसेवा ही तिन्ही कामे एकाच छताखाली करणाऱ्या एका स्टुडिओत मी गेल्या काही महिन्यांत तीनदा जाऊन आले: आधी मनगटावरच्या टॅटूसाठी, नंतर कानाच्या वरच्या कुर्चेत छिद्र पाडून घेण्यासाठी आणि शेवटी पेडिक्युअर व वॅक्सिंगसाठी. दाराशी चौकटीत लावलेला परवाना तिन्ही कामांसाठीचा आहे. आत मात्र प्रत्येक खोलीची स्वच्छता वेगळी आहे आणि हा अभिप्राय मुख्यतः त्या फरकाविषयी आहे.

टॅटूच्या खोलीबद्दल तक्रारीला जागा नाही. संमतिपत्रक भरून घेताना मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, अ‍ॅलर्जी आणि जखमेवर गाठी येण्याची प्रवृत्ती यांविषयी नीट विचारणा झाली. यंत्र, त्याची वायर, फवाऱ्याची बाटली, इतकेच नव्हे तर दिव्याची मूठही नव्या प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेली होती. सुईचे पाकीट माझ्यासमोर फोडून त्यावरचा बॅच क्रमांक माझ्या पत्रकावर लिहिला गेला. काम अर्ध्यावर असताना कलाकाराला खणातले जास्तीचे टिपकागद हवे झाले, तेव्हा त्याने हातमोजे काढून टाकले, हात धुतले, कागद काढले आणि नवे हातमोजे चढवूनच पुन्हा यंत्र हाती घेतले. त्याने हे इतक्या सहजतेने केले की ती रोजची सवय असावी, याविषयी मला शंका उरली नाही.

करड्या छटेसाठी शाई पातळ करताना त्याने निर्जंतुक पाण्याची सीलबंद कुपी वापरली. ऊर्ध्वपातित पाणी का चालत नाही, असे मी विचारले, तेव्हा ते शुद्ध असले तरी निर्जंतुक असतेच असे नाही, हे त्याने समजावून सांगितले. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे 2011-12 मध्ये टॅटू काढलेल्या लोकांच्या त्वचेत मायकोबॅक्टेरियम चेलोनी या जिवाणूचा संसर्ग आढळला होता, त्याचे मूळ आधीच पातळ करून विकलेल्या करड्या शाईपर्यंत जाऊन पोहोचले. म्हणजे सुई नवी असली तरी शाईतून घात होऊ शकतो.

पिअर्सिंगसाठी बंदूक वापरत नाही, असे त्यांनी आधीच सांगितले. बंदुकीचा प्लास्टिकचा भाग ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, उष्णता सोसत नाही, शिवाय ती बोथट टोकाचा दागिना जोराने कुर्चेत घुसवते. येथे पोकळ सुई आणि शरीरात बसवण्याच्या दर्जाचे टायटॅनियम वापरले गेले. ऑटोक्लेव्हच्या नोंदी मागितल्यावर वही लगेच समोर आली. वेष्टनावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे उपकरण निर्जंतुक झालेच, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक ती पट्टी केवळ उष्णता लागल्याचे सांगते. यंत्र खरोखर काम करते की नाही, हे उष्णतेला चिवट असलेल्या जिवाणूंचे बीजाणू त्यात मरतात का, याची चाचणी घेऊनच कळते आणि त्या चाचणीचे अहवाल वहीत तारीखवार लावलेले होते. एकच गोष्ट खटकली: देखभालीच्या छापील कागदावर दागिना रोज फिरवण्याची जुनी सूचना अजून आहे. कुर्चेची जखम भरायला सहा महिने ते वर्षभर लागू शकते. तेवढा काळ दागिना हलवत राहिले तर ती चिघळते.

तिसऱ्या भेटीत मात्र निराशा झाली. आधीच्या ग्राहकाने पाय बुडवलेल्या टबमधले पाणी सोडून, आतून एकदा फडके फिरवून तो माझ्यासाठी भरण्यात आला. पाणी आत खेचणाऱ्या जाळीमागे काय साचले आहे, असे विचारल्यावर ती रात्री साफ करतो, असे उत्तर मिळाले. कॅलिफोर्नियात 2000 मध्ये एका नेल सलूनच्या शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवे उठली होती आणि तपासात त्या सलूनच्या टबांमधील याच जाळ्यांमागे केस आणि कातडीचा गाळ सापडला होता. वॅक्सच्या भांड्यात एकच पट्टी त्वचेवरून पुन्हा पुन्हा बुडवली जात होती. मी हरकत घेतल्यावर पट्टी बदलली, भांडे मात्र तेच राहिले.

सर्वांत गंभीर बाब नखांच्या कडेची कातडी कापणाऱ्या निपरची आहे. ती जांभळ्या दिव्याच्या पेटीतून काढण्यात आली. त्या पेटीला तेथे स्टरलायझर म्हणतात. हा प्रकाश जेथे थेट पोहोचतो तेथेच परिणाम करतो. निपरच्या सांध्यातल्या फटीत तो पोहोचत नाही आणि वाळलेल्या रक्ताखालीही काम करत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो आणि निपरने थेंबभर रक्त येणे नवलाचे नाही. ऑटोक्लेव्ह तर भिंतीपलीकडे, दहा पावलांवर होता. निपर त्यात का घालत नाही, असे मी विचारले, तर उत्तर आले, ‘‘तो टॅटूवाल्यांचा आहे.’’

मी ही तक्रार लेखी दिली. व्यवस्थापकांनी दोन दिवसांत उत्तर पाठवले: नखांच्या कानशी यापुढे प्रत्येक ग्राहकासाठी नव्या असतील आणि देखभालीचा कागद बदलला जाईल. निपरविषयी त्या उत्तरात काहीच नव्हते. टॅटू किंवा पिअर्सिंगसाठी कोणी विचारल्यास मी हा स्टुडिओ निःसंकोच सुचवीन, पेडिक्युअरसाठी मात्र तूर्त नाही.