बीवायडी सील, मागच्या चाकांवर चालणारी, मोठी बॅटरी : काही महिन्यांच्या वापरानंतर

मुद्द्याचं आधी सांगतो. बीवायडी या चिनी कंपनीची सील ही इलेक्ट्रिक सेडान घ्यायचं ठरलं असेल तर मागच्या चाकांना मोटर असलेली, 82.56 युनिट (किलोवॅट-तास) बॅटरीची घ्या. चारही चाकं फिरवणारी 390 किलोवॅटची सील 3.8 सेकंदांत शंभर गाठते आणि त्या आकड्याचा मोह कुणालाही पडेल. पण ती 130 किलोनं जड आहे आणि बॅटरी तीच असूनही एका चार्जमध्ये कमी पळते: डब्ल्यूएलटीपी या रेंज मोजण्याच्या प्रमाणित चाचणीत 520 किलोमीटर, तर मागच्या चाकांची 570. शिवाय गाडी हातात कशी वाटते, यातही मला हीच जास्त आवडते. त्याबद्दल सविस्तर लिहितोच.

मागच्या ॲक्सलवर 230 किलोवॅटची, म्हणजे 313 हॉर्सपॉवरची, परमनंट मॅग्नेट मोटर आहे. टॉर्क 360 न्यूटन मीटर, शून्य ते शंभर 5.9 सेकंद, टॉप स्पीड 180. सिग्नलवरून सुटताना 5.9 सेकंद भरपूर होतात, त्याबद्दल वेगळं काही सांगण्यासारखं नाही. खरी चैन आहे ती साठ ते शंभरच्या दरम्यान. ट्रकच्या मागे अडकलात, समोर रस्ता मोकळा दिसला, पाय दाबला की त्याच क्षणी गाडी निघते. गिअर खाली पडायची वाट नाही, टर्बो जागा व्हायची वाट नाही. ओव्हरटेक लवकर उरकतो, म्हणजे समोरच्या लेनमध्ये आपण कमी वेळ असतो. माझ्या लेखी ही सुरक्षिततेची गोष्ट आहे, वेगाची हौस नंतर.

आता स्टिअरिंग. याआधी मी पुढच्या चाकांची इलेक्ट्रिक गाडी चालवायचो. तिच्यात ओल्या रस्त्यावर वळता वळता जोरात पाय दिला की पुढची चाकं जागच्या जागी फिरायची आणि स्टिअरिंग हातात एका बाजूला ओढ घ्यायचं. दोष गाडीचा नाही, मांडणीचा आहे. वळवायचंही त्याच चाकांनी आणि ओढायचंही त्याच चाकांनी. इलेक्ट्रिक मोटरचा टॉर्क पहिल्या क्षणापासून पूर्ण येतो, त्यामुळे ही ओढाताण आणखी जाणवते. सीलमध्ये पुढच्या चाकांना, ब्रेकिंग सोडलं तर, वळण्याखेरीज दुसरं काम नाही. पिकअप घेताना गाडीचं वजन मागे सरकतं, आणि ते नेमकं ज्या चाकांना पकड हवी आहे त्यांच्यावरच पडतं. वळणाच्या मध्यावरून हळूहळू पाय वाढवत बाहेर पडताना गाडी मागून अलगद ढकलली जाते आणि स्टिअरिंग हातात शांत राहतं. वळणं घेणं ज्यांना मनापासून आवडतं, त्यांना हे पहिल्याच घाटात कळेल.

पावसात काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. मुद्दाम पाहिलं आहे. मोकळ्या, ओल्या जागेत स्टिअरिंग वळवून पाय जोरात दिला तर मागची बाजू किंचित बाहेर सरकते आणि तिथेच सावरली जाते. मोटरचा टॉर्क विजेनं कापला जातो, इंजिनापेक्षा कितीतरी झटपट, त्यामुळे झटका बसत नाही. टायर झिजलेले नसतील तर भिण्याचं कारण नाही.

गाडीचं वजन 2055 किलो आहे आणि ते ब्रेकवर आणि खड्ड्यात जाणवतं. पण बॉडी विलक्षण घट्ट आहे. या गाडीत बॅटरीचं वरचं झाकण म्हणजेच केबिनचा तळ. बॅटरी खाली टांगलेली नाही, ती सांगाड्याचाच भाग आहे. कंपनी पीळ सहन करण्याची क्षमता 40,500 न्यूटन मीटर प्रति अंश सांगते. आकडा बाजूला ठेवला तरी एक चाक खड्ड्यात आणि एक वर असं तिरकं चढताना डॅशबोर्डमधून, दारांमधून कुरकुर ऐकू येत नाही, आणि इंजिनाचा आवाज नसलेल्या गाडीत बारीकशी कुरकुरसुद्धा लपत नाही.

बॅटरीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण गैरसमज तिथेच आहेत. यातली ब्लेड बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, एलएफपी म्हणतात ती. निकेल नाही, कोबाल्ट नाही. तेवढ्याच वजनात ती निकेलवाल्या बॅटरीपेक्षा कमी ऊर्जा साठवते, पण तापल्यावर जास्त स्थिर राहते आणि पूर्ण चार्ज करायला कचरावं लागत नाही. निकेलवाल्या गाड्यांना रोजच्यासाठी 80 टक्क्यांवर थांबा म्हणून सांगतात. इथे उलट, अधूनमधून 100 टक्के करणं गरजेचंच आहे. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे आत किती चार्ज शिल्लक आहे हे गाडीच्या मेंदूला नुसत्या व्होल्टेजवरून नीट ओळखता येत नाही. पूर्ण भरल्यावर त्याचा हिशेब पुन्हा जुळतो. म्हणून रेंज पाहताना 570 पैकी 80 टक्के असा हिशेब करावा लागत नाही. सकाळी खरोखर पूर्ण बॅटरी घेऊन निघता येतं. लांबच्या प्रवासात हा फरक फार मोठा आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बॅटरी 100 टक्के असताना रीजेन, म्हणजे वेग कमी होताना मोटरनं वीज बनवून गाडीला आवर घालणं, जवळजवळ मिळत नाही, कारण परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. घरून निघाल्या निघाल्या उतार असेल तर पहिले काही किलोमीटर पाय ब्रेकवर तयार ठेवा. एरवीही रीजेनच्या दोनच पायऱ्या आहेत, आणि जास्तीची निवडली तरी एका पेडलवर, म्हणजे ब्रेक न दाबता नुसता ॲक्सलरेटर सोडून, गाडी पूर्ण थांबत नाही. मला ही रचना पटली आहे. पाय सोडल्यावर गाडी मोकळी वाहते आणि मागे बसलेल्यांना मळमळत नाही. एका पेडलची सवय असलेल्यांनी टेस्ट ड्राइव्हमध्ये हे नीट पाहून घ्यावं.

रेंजचं म्हणाल तर ब्रोशरमधला आकडा कोणत्या चाचणीचा आहे ते आधी बघा. एनईडीसी या जुन्या चाचणीचा आकडा नेहमीच फुगलेला असतो, डब्ल्यूएलटीपीचा वास्तवाच्या जवळ. माझ्या चालवण्यात शहरात एका युनिटला सात किलोमीटरच्या आसपास मिळतात, मोकळ्या रस्त्यावर शंभरच्या वेगाला सहा, आणि एकशेवीसला पाच. म्हणजे पूर्ण चार्जवर शंभरनं पाचशेच्या जरा आत, एकशेवीसनं चारशेच्या जरा वर. वेग 20 टक्क्यांनी वाढला की हवेचा विरोध 44 टक्क्यांनी वाढतो. सीलचा ड्रॅग कोइफिशंट, म्हणजे आकारामुळे हवा किती अडते याचा आकडा, 0.219 इतका कमी असला तरी हे गणित टळत नाही. दोन चार्जरमधलं अंतर जास्त असेल तेव्हा मी एसी बंद करत नाही, वेग दहानं उतरवतो. त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

फास्ट चार्जिंग 150 किलोवॅटपर्यंत आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार 30 ते 80 टक्के व्हायला 26 मिनिटं लागतात. गणित मांडलं तर त्या वेळात सुमारे 41 युनिट आत जातात, म्हणजे सरासरी 95 किलोवॅट. दीडशे हा फक्त शिखराचा आकडा, आणि तोही तेवढी ताकद देणारं मशीन मिळालं तर. एका स्टेशनवर पाटी मोठी होती आणि प्रत्यक्षात 50 च्या वर काही सरकेना. शेजारी दुसरी गाडी लागली होती आणि ताकद दोघांत वाटली जात होती. म्हणून गन लावल्यावर पहिल्या दोन मिनिटांत स्क्रीनवरचा आकडा बघायची सवय लावून घ्या. घरी 7 किलोवॅटचा चार्जर असेल तर पूर्ण रिकामी बॅटरी भरायला बारा-तेरा तास लागतात, पण रोज ती पूर्ण रिकामी होतच नाही.

मागच्या सीटबद्दल घरात दोन मतं आहेत. मुलं खूश आहेत: व्हीलबेस 2920 मिलिमीटर, पाय पसरायला ऐसपैस जागा, वर काचेचं छत. आईला मात्र दोन तासांनंतर उतरून पाय मोकळे करावेसे वाटतात. खाली बॅटरी असल्यामुळे तळ उंच आहे, गुडघे वर येतात आणि मांडीला सीटचा आधार कमी मिळतो. बॅटरीवर बसवलेल्या बुटक्या सेडानमध्ये हे थोडंफार असणारच, पण घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांना मागे अर्धा तास बसवून पाहिल्याशिवाय ठरवू नका. डिकी 400 लीटर, पुढे बॉनेटखाली आणखी साधारण 50. डिकीचं तोंड सेडानचं आहे, त्यामुळे मोठी कडक बॅग तिरकी करून घालावी लागते.

ग्राउंड क्लिअरन्स 120 मिलिमीटर. उंच स्पीडब्रेकरवर, विशेषतः मागे तिघे आणि डिकीत सामान असताना, मी गाडी थोडी तिरकी घेतो आणि अगदी सावकाश उतरवतो. बॅटरीच खाली आहे, तेव्हा तिथे घाई नको.

टायर चारही एकाच मापाचे आहेत, 235/45, 19 इंची. हे चांगलं झालं. मागचे टायर टॉर्कमुळे आधी झिजतात हे टायरच्या खाचांची खोली मोजल्यावर स्पष्ट दिसतं, आणि माप एकच असल्यामुळे पुढचे-मागचे बदलता येतात. सर्व्हिसच्या वेळी स्वतःहून सांगून ते करून घ्या. हवेचा दाब ड्रायव्हरच्या बाजूच्या स्टिकरप्रमाणे, तोही टायर थंड असताना. गाडी दोन टनांची आहे. दाब जरा उतरला तरी युनिटमागचे किलोमीटर लगेच घटतात आणि टायरच्या कडा झिजायला लागतात.