तुटक्या साजाचा नऊ पानांचा साज

सांगलीत सराफ कट्ट्यामागच्या बोळात एका सोनारकाकांचं छोटं दुकान आहे. शोकेस नावापुरती. सासूबाईंचा तुटलेला कोल्हापुरी साज तिथं दुरुस्तीला टाकला. लेकीला तो हलका, ऑफिसच्या साडीवरही चालेल असा हवा होता.

साजाची पानं, म्हणजे माळेत ओवलेले छोटे घडीव आकार, 21. दशावतारांची 10, अष्टमंगलाची 8, माणिक, पाचू आणि डोरलं, असा हिशेब सांगतात. लेकीनं मोबाइलवर मोर दाखवला. काका म्हणाले, "मोर करतो की. पण मग त्याला साज म्हणू नका, ताई." मग जुनी पानं मखमलीवर मांडून तिलाच निवडायला लावली. मासा, कासव, शंख, चंद्र, बेलपान, भुंगा असं करत 9 राहिली. मासा पार चेपला होता, तो नवा घडवला. ठशावर पत्रा ठोकून उठाव काढला, पण खवले हातानं, एकेक. जुन्या माशाचं तोंड मिटलेलं होतं. याचं जरा उघडं आहे, पाणी पितोय असं. काकांनी पदरचं घातलं ते एवढंच, आणि बायका नेमकं तेच बघतात.

पानं आतून पोकळ असतात, त्यात लाख भरतात. लाख भरायच्या आधी काट्यावर वजन दाखवलं. साज कुठंही करा, हे मागून घ्याच, नाहीतर लाखेलाही सोन्याचा भाव लागायचा.

बाकीचं मोडकं सोनं समोरच गाळलं. माझं माहेर विट्याचं, खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर गेलेली. त्यामुळे सोनं वितळवायची मूस खाली उतरेपर्यंत मी स्टूल सोडलं नाही. काकांनी राग न मानता चहा सांगितला.

घडणावळ शोरूमपेक्षा कमी नाही आणि सांगितलेली तारीख हमखास पुढे जाते. गाठवायचं काम बाहेर देतात, तिथं गोंडा भडक आला. तो बदलून घेतला.

काकांचा मुलगा कॉम्प्युटरवर डिझाइन करतो. त्याच्या अंगठ्या दिसायला झकास, पण घालून बघितली तर आतली कड बोटाला टोचते. पॉलिशनं ते झाकत नाही.

आता बुगडी करायचीय, दाबाची, कारण लेकीच्या कानाला वरचं भोक नाही. चित्र मुलानं काढलं तरी चालेल, घडवायची काकांनीच, असं आधीच बजावून आलेय.